टाळूचे टाके

४ सप्टेंबर

टाके उसवले.

सकाळी आनआनला पेज भरवत होतो. दोन-तीन चमचे गेले असतील, नाकातून पांढरं पाणी आलं. वाटलं सर्दी. पुसलं, पुन्हा चमचा दिला. पुन्हा तेच. पाणी नव्हतं, पेजच होती. तोंड उघडायला लावलं तर टाळूच्या मधोमध भोक, आणि कडेला काळा दोरा लोंबतोय.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "होतं असं कधी कधी. मांस धरत नाही."

"मग आता?"

"आता छंगदूला न्या. मोठ्या इस्पितळात. आमच्या हातातलं राहिलं नाही हे."

ऑपरेशनच्या आधी हेच म्हणत होते — लहानसं काम आहे, छंगदूपर्यंत कशाला हेलपाटा घालता!

आनआन खाटेवर बसून माझ्या जॅकेटची चेन वर-खाली करत होता. साडेचार वर्षांचा झाला. ओठ तान्हेपणीच शिवला, तो छान जुळला, नुसती एक रेघ उरलीय. मला वाटायचं अर्धी लढाई जिंकली.

५ सप्टेंबर

घरी आणलं. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि चुलीकडं वळली.

११ सप्टेंबर

अंगणात तिरफळं वाळत घातलीत. आई बिया वेगळ्या करत बसली होती. मी एक कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो, गावातल्या कुणाच्या तरी मोटरसायकलचा. हात चालत नव्हते.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. मान वर न करता. "पोटुशी बाईनं ससा खाऊ नये, पोराचा ओठ सशासारखा फाटतो. तुझ्या बायकोनं ऐकलं का?"

"आई, छंगदूत घरोघरी ससा खातात. मग सगळ्यांचीच पोरं अशी व्हायला हवी होती."

"त्यांचं मला सांगू नकोस."

युनश्या याच वाक्याला कंटाळून गेली. आनआनचा ओठ शिवून झाला आणि ती तोंगक्वानला फॅक्टरीत गेली, मोबाइलचे चार्जर जोडायला. गावात कुणी भेटलं की आधी पोराच्या तोंडाकडं बघायचं आणि मग तिच्याकडं — काय खाल्लं होतंस म्हणून! तो दोन वर्षांचा असताना एकदा नवीन वर्षाला, वसंताच्या सणाला, येऊन गेली. त्यानंतर नाही.

पण आईला तरी काय बोलू? बोलते तशी बोलते, आणि पोराची पेज इतकी घट्ट शिजवते की चमचा उभा राहतो. पातळ नाकात जातं, घट्ट कमी जातं. हे तिचं तिनंच शोधून काढलं.

आनआनचं दिवसभर चालू असतं — मा-मा, मा-मा. जॅकेट धरतो, ओढतो, मा-मा! आईला हाक मारतो आणि आई हजारो ली लांब. मी म्हणतो, "मा-मा कामाला गेलीय रे. नवीन वर्षाला येईल." की पाय आपटतो. माझ्या मांडीवर बुक्क्या मारतो. आणि परत तेच.

आजीला नाइनाइ म्हणतो, ते चांगलं कळतं. आईला मा-मा. मला काहीच नाही. मी समोर असतोच. मला कशाला हाक मारेल?

२३ सप्टेंबर

बालवाडीतून बोलावणं आलं. त्याला लघवीला जायचं होतं. त्यानं सांगितलं. बाईंना कळेना. पुन्हा सांगितलं. मुलं त्याच्यासारखं नाकातून बोलून दाखवायला लागली. चड्डी ओली झाली. मग त्यानं शेजारच्या पोराचा दंड चावला.

"आम्ही तरी काय करणार," बाई म्हणाल्या. वाईट नाहीत त्या. "काय म्हणतो तेच समजत नाही."

"मी बसतो त्याच्याजवळ. मला समजतं. मी सांगत जाईन."

"फंगदादा, बालवाडीत मोठ्या माणसाला कसं बसवून घ्यायचं?"

घरी येताना तो मोटरसायकलवर माझ्यापुढं बसला होता. वाऱ्यात काहीतरी बोलत होता. एक अक्षर मला कळलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. वाऱ्यामुळं असेल.

८ ऑक्टोबर

छंगदू. काल उतरलो.

मोठ्या इस्पितळातल्या शन डॉक्टर म्हणजे बाई आहेत, बुटक्या, आवाज पुरुषासारखा. आनआननं त्यांच्यापुढं तोंड उघडलं. त्यांनी बघितलं. बराच वेळ.

"कुणी केलं हे?" मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ द्या. कुणी का केलं असेना."

स्वतःचे दोन्ही तळवे माझ्यासमोर धरून समजावलं. टाळूच्या दोन्ही बाजूंचं मांस सोडवायचं, मधे आणायचं, एकमेकांना शिवायचं. आत एक स्नायू असतो तो चुकीच्या दिशेला गेलाय, तो फिरवून मागं न्यायचा. बोलताना टाळू उचलतो तो तोच.

"पण पहिल्या वेळेस हे मांस एकदा सोडवलंय. व्रण पडलेत. ताणलं जात नाही. मी करीन. पण ही शेवटची चांगली संधी धरून चाला. हेही उसवलं तर जिभेचं मांस घेऊन भोक बुजवावं लागेल. आणि मग बोलणं..."

तळवे खाली घेतले.

आणि आत्ता करताही येत नाही! पोराच्या अंगात रक्त कमी. आधी रक्त वाढवा म्हणाल्या.

इस्पितळामागच्या गल्लीत हू काकूंकडं खोली मिळाली. खोली कसली, जिन्याखालची जागा. काकू दिवसभर दारात सोंगट्या मांडून माजोंग खेळतात आणि तोंडाचा पट्टा चालूच असतो.

"बाप आहेस की दाई?" मला विचारतात.

"दोन्ही."

"मग दोन माणसांचं भाडं घ्यायला पाहिजे तुझ्याकडून."

२१ ऑक्टोबर

डुकराची कलेजी, लाल बोरं, पालक. सगळं शिजवून, ठेचून, गाळून. तो तोंड फिरवतो. मी धरून भरवतो. निम्मं नाकातून परत येतं, तांबूस. शेजारच्या पोरीनं पाहिलं आणि किंचाळून पळाली, तिला रक्त वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढायला बसतो. तो माझ्याजवळ टायरवर बसतो. बॅटरीच्या स्कूटरवाले पंक्चर काढून होईपर्यंत त्याच्याशी बोलायला जातात. तो बोलला की गप्प होतात. मी दुभाष्या. "त्याला तुमचं हेल्मेट आवडलं." "त्याला विचारायचंय, गाडी किती पळते."

मी नसलो तर याचं कोण सांगेल?

२ नोव्हेंबर

आज ऑपरेशन होतं. रक्त वाढलं, तारीख मिळाली. सकाळपासून उपाशी ठेवला, हिरवा झगा घातला. भूल देणाऱ्यांनी छातीला नळी लावली. मग कपाळाला हात लावला.

ताप.

"घरी न्या. छातीत कफ आहे. अशात भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ."

मी म्हटलं, थोडासाच ताप आहे. म्हटलं, तो उपाशी आहे सकाळपासून. काय बोलतोय माझं मलाच कळत नव्हतं. शन डॉक्टरांनी माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं, जसं रस्त्यातून सायकल बाजूला करतात.

झगा काढताना तो रडायला लागला. झगा आवडला होता त्याला.

युनश्याला फोन लावला. जेवणाच्या सुट्टीत होती, मागं ताटांचा आवाज.

"तू ये," म्हटलं. "माझ्यानं होत नाही आता."

"मी आले म्हणून ताप उतरेल का?"

"तो तुला हाक मारतो, युनश्या. दिवसभर. मी सगळं करतो आणि हाक तुला मारतो."

ताटांचा आवाज लांब गेला. मग म्हणाली, "फोन दे त्याच्याकडं."

त्याच्या कानाशी धरला. ती काहीतरी बोलत राहिली. त्यानं नीट ऐकलं, मग फोन ढकलून दिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला — मा-मा.

तिनं ते ऐकलं. रडायला लागली. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

३ नोव्हेंबर

ताप चढतोय. हू काकूंनी आल्याचा काढा दिला. "पोराला दे आणि उरलेला तू पी. तुझं तोंड त्याच्यापेक्षा वाईट दिसतंय." मग एकदम जीभ चावली. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. मला माहीत आहे.

१७ नोव्हेंबर

आज झालं.

आत नेलं तेव्हा धुकं होतं, बाहेर आणलं तेव्हाही धुकं होतं. मधला दिवस कुठं गेला सांगता येत नाही. बाकावर माझ्याशेजारी एक म्हातारा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. त्यानं मूठ पुढं केली. मी घेतल्या, आणि त्या मुठीतच राहिल्या, घाम येऊन ओल्या झाल्या.

शन डॉक्टर बाहेर आल्या. टोपी काढली, केस घामानं चिकटलेले.

"जुळवलं. कडक होतं मांस. पण जुळवलं. आता धरलं पाहिजे."

"धरेल ना?"

"मी शिवू शकते. धरायचं काम त्याच्या अंगाचं."

तोंडातून रक्ताळलेली लाळ. जिभेतून एक दोरा ओवून गालाला चिकटवलाय, जीभ मागं पडून श्वास अडायला नको म्हणून. हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधल्यात, कोपर वाकू नये, बोट तोंडात जाऊ नये. डोळे उघडले तेव्हा त्यानं आधी हात पाहिले. मग मला. असं पाहिलं की हे मीच बांधलं.

१९ नोव्हेंबर

रक्त. दुपारी उलटी झाली, सगळं काळं. मग लाल. मी नर्सला ओरडून बोलावलं. ती पळत आली, तिनं बघितलं आणि तीही पळत गेली. पळणारी नर्स बघितली की माणूस संपतो.

पुन्हा आत नेलं. खाटेच्या चाकांबरोबर मी पळत होतो. त्यानं पुठ्ठ्याचे दोन्ही हात माझ्याकडं केले. तोंडात रक्त, आणि त्यातून — मा-मा! मा-मा! दार बंद झालं तरी ऐकू येत होतं.

जाताजातासुद्धा तीच. मी दाराच्या अलीकडं उभा, आणि हाक तिला.

तिला फोन केला. "आता ये," म्हटलं. "पुन्हा आत नेलाय. तुझं नाव घेत गेला. काही झालं तर..."

"देशुन, मुकादम सोडत नाही. नवीन वर्षाच्या ऑर्डरी आहेत."

"मग राहा तिथंच."

मी फोन कापला. भिंतीला टेकून खाली बसलो. देवाला काय म्हणायचं असतं तेही आठवेना. आई गावातल्या देवळात उदबत्त्या लावते. मी फक्त म्हणत होतो, धर. धर. धर. मांसाला म्हणत होतो की त्याला, माहीत नाही.

२० नोव्हेंबर

आहे.

२४ नोव्हेंबर

एक शीर सुटली होती, ती बांधली. रक्त चढवलं. टाके? "आहेत अजून," शन डॉक्टर म्हणाल्या. फार सावकाश म्हणाल्या.

तो माझ्याशी बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून निजतो.

४ डिसेंबर

खोलीवर परत आलो. फक्त पातळ पेज, चमचा ओठाला लावून आत सोडायची. प्रत्येक चमच्याला मी त्याच्या नाकाकडं बघतो. तो गिळतो, मी श्वास सोडतो. असं पूर्ण वाटीभर.

बॅटरी उशाशी ठेवलीय. उठल्यावर बघतो, जेवणाआधी बघतो, जेवणानंतर बघतो. आज तपासायला नेलं तर त्यानं शन डॉक्टरांना बघताच आपणहून तोंड वासलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दिवसातून किती वेळा बघता तुम्ही?"

मी बॅटरी खिशात सरकवली.

"भात शिजत असताना सारखं झाकण काढलं तर शिजेल का? बॅटरी इथं ठेवून जा."

टेबलावर ठेवून आलो. घरी आलो आणि हू काकूंची मागितली. त्यांनी दिली नाही. "डॉक्टरीणबाईंना मी तुझ्यापेक्षा जास्त भिते," म्हणाल्या.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, सगळं छंगदू मटणाचं सूप प्यायला बाहेर पडलं होतं. काकू म्हणाल्या, आजच्या दिवशी मटण पोटात गेलं नाही तर हिवाळाभर पाय गार राहतात, पोराला ने. डॉक्टरांनी कालच सगळं खायला परवानगी दिलीय. जखम भरली. भोक नाही.

खरंच नाही. त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरून सूप प्यायलं — प्यायलं! — आणि नाकातून एक थेंब आला नाही. मी माझी वाटी तशीच ठेवून बघत राहिलो. मला वाटलं, झालं. सुटलो.

मग दुकानदार आला. "अजून काय हवं रे तुला?" त्यानं आनआनलाच विचारलं. आनआन सांगायला लागला. मुळा, कोथिंबीर, आणखी काहीतरी. सगळं नाकातून. पहिल्यासारखंच. अगदी पहिल्यासारखं.

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतोय?"

माझी बाही ओढून तो म्हणाला, मा-मा.

मग कशासाठी केलं हे सगळं? रक्त, पुठ्ठे, जिभेतला दोरा. बंद केलं भोक, आणि आवाज तिथला तिथंच. बालवाडीतल्या बाईंना अजूनही कळणार नाही. शाळेतल्या मास्तरांना कळणार नाही. मी मेलो की कुणालाच कळणार नाही.

सूप गार झालं. वर चरबी गोठली.

२५ डिसेंबर

शन डॉक्टरांवर ओरडलो. त्यांच्या दालनात, लोकांसमोर.

"ओरडून झालं? तुम्ही गाड्या दुरुस्त करता ना? आयुष्यात कधी ब्रेक न लावलेल्या माणसाच्या गाडीला नवीन ब्रेक बसवून दिला, तर त्याचा पाय आपोआप तिथं जाईल का? टाळू नवीन आहे. ती उचलायची असते हेच त्याला ठाऊक नाही. ज्यान बाईंकडं जा. खालच्या मजल्यावर. आणि दार हळू लावा."

३० डिसेंबर

ज्यान बाई वाचा शिकवतात. तरुण आहेत, स्वेटरला शाई लागलेली. नाकाखाली आरसा धरतात, आरशावर वाफ धरली की चुकलं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात, ती हलली की बरोबर. आनआनची पट्टी हलत नाही. आरसा मात्र पांढरा होतो.

आज त्यानं आरसा फेकला. फुटला. मी भरून देतो म्हटलं तर बाई म्हणाल्या, माझ्याकडं खोकं भरून आहेत, सगळेच फेकतात.

३ जानेवारी

युनश्याचा फोन. आपणहून.

"मी काम सोडलं," म्हणाली. "तिकीट मिळालंय, पंधरा तारखेला निघेन. तोवर फॅक्टरीच्याच खोलीवर आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवसापासून कानात तेच येतं. चार्जर जोडताना, जेवताना. मा-मा, मा-मा. मला वाटायचं तो मला विसरला असेल. विसरला असता तर बरं होतं, असंही वाटायचं. पण तो हाक मारतोय आणि मी इथं बसलेय... ये म्हणतोयस ना अजून?"

"ये."

आनआनला सांगितलं, मा-मा येणार. त्यानं मान हलवली आणि पाना उचलून माझ्या हातात दिला.

९ जानेवारी

आधी हे लिहून ठेवतो, मग झोपतो.

ज्यान बाईंनी आज खेळ केला. चित्रं दाखवायची, हे काय, ते काय. चित्रं संपली. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"आणि हे कोण?"

"मा-मा."

मी हसलो. म्हटलं, "आईची आठवण येते त्याला, बाई. येणार आहे ती आता."

बाईंनी माझं ऐकलं नसावं. त्या त्याच्याकडंच बघत होत्या. "परत सांग. हे कोण?"

"मा-मा." चिडून. माझ्याकडं बोट दाखवून.

बाईंनी दोन बोटांनी त्याचं नाक हळूच मिटलं. "आता सांग."

"बा-बा."

मला कळलंच नाही. मी दाराकडं पाहिलं, कुणी दुसरं बोललं का म्हणून. बाईंनी नाक सोडलं. "मा-मा." धरलं. "बा-बा." सोडलं. "मा-मा."

तो हसायला लागला. त्याला खेळ वाटला.

"'ब' म्हणायला ओठ मिटून तोंडात हवा कोंडावी लागते," बाई म्हणाल्या. "याची हवा नाकातून पळून जायची. ओठ मिटून आवाज नाकातून सोडला की काय होतं? म्हणून बघा."

मी म्हणून पाहिलं. बाईंच्या समोर, मोठा माणूस. ओठ मिटले आणि नाकातून सोडलं.

"फंगदादा, हा बोलायला लागल्यापासून 'बाबा'च म्हणत असणार. आपल्याला 'मा-मा' ऐकू आलं. त्याच्याजवळ रोज कोण होतं?"

जॅकेट ओढायचा. मी सांगायचो, ती लांब आहे. तो पाय आपटायचा. खाटेवरून हात पुढं केले होते, तेव्हाही. मी दाराच्या अलीकडं उभा होतो.

बाईंनी मला पाण्याचा पेला दिला. मी प्यायलो नाही. दोन्ही हातांत घेऊन बसलो, काहीतरी धरायला हवं होतं.

१० जानेवारी

दिवसभर त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. पंक्चरला बसलो नाही. तो जड झालाय. मला त्याचंही भान नव्हतं.

पण युनश्या? तिनं काम सोडलंय. त्या हाकेसाठी.

हू काकूंना सांगितलं. त्यांनी डाव थांबवला, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"तिला सांगणार नाहीस ना?" म्हणाल्या.

"सांगायला नको?"

"कशाला? येऊ दे. आली की पोराला आई मिळाली. मग काय ते कळेल हळूहळू."

"ती येऊन रोज त्याच्या तोंडाकडं कान लावून बसेल, काकू. आणि तो मला हाक मारत असेल."

"तुझं हे असं आहे," त्यांनी पुन्हा सोंगट्या हातात घेतल्या. "सैल नट दिसला की पिळल्याशिवाय राहवत नाही. मग गाडी चालू का राहीना."

११ जानेवारी

सांगितलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासूनच, असं बाई म्हणतात."

"म्हणजे फोनवर ते... ते पण तुलाच?"

"मलाच."

मागं फॅक्टरीचा भोंगा झाला, माणसांचे आवाज गेले, संपले. ती अजून फोनवर होती, श्वास ऐकू येत होता.

"मला उगाच सांगितलंस," म्हणाली, आणि फोन ठेवला.

१३ जानेवारी

तिचा फोन बंद.

१५ जानेवारी

बंदच. आज निघायची होती. निघाली नसेल. का निघेल? तिथं काम परत मिळालं असेल तर बरंच झालं. आईनं विचारलं, सून येणार ना सणाला. म्हटलं, गाड्यांना गर्दी आहे.

गल्लीत सगळ्यांच्या खिडक्यांत डुकराच्या मटणाचे सॉसेज लोंबताहेत. घरोघरी माणसं परत यायला लागलीत. आनआन माझ्याजवळ टायरवर बसून स्वतःचं नाक स्वतःच चिमटीत धरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडं बोट करून सांगतो, बाबा! बाबा! चिमटीशिवायही कधी कधी निघतं आता. ज्यान बाईंच्या पट्टीनं काल पहिल्यांदा उडी मारली.

यापेक्षा मोठं सुख मला मागता आलं नसतं. आणि मी इथं बसून पंक्चरच्या पाण्यात बुडबुडे बघतोय. तिचं मीच तोडलं. खरं बोलून तोडलं.

१८ जानेवारी

दुपारी ज्यान बाईंच्या खोलीबाहेर बाकावर होतो. जिन्यातून युनश्या वर आली. हातात पट्ट्यापट्ट्यांची पिशवी, केस झोपून चपटे झालेले.

"फोन का बंद ठेवलास?" मी विचारलं.

"तू अजून काही खरं सांगशील म्हणून."

आनआननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नाक चिमटीत धरलं आणि मला विचारलं, "बाबा, ही कोण?"

काय म्हणाला ते तिला सांगायला मी तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"समजलं मला," म्हणाली. पिशवी ठेवली, त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बाबांना नको विचारूस. मला विचार."